चमकली म्हणजे सापडली?

उंदराच्या टी पेशीवरचा ग्राहक शोधणारं प्रतिपिंड उंदराकडूनच घ्यायला गेलं तर सहसा साधत नाही. घरचं प्रथिन त्याला परकं वाटत नाही. म्हणून एच५७-५९७ हे असं प्रतिपिंड हॅमस्टरकडून आलं, कोलर-मिलस्टाइन यांच्या १९७५च्या पेशी-संकर पद्धतीने. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्ससारख्या प्रयोगशाळांत अशी रंग जोडलेली प्रतिपिंडं प्लीहेच्या पेशींवर सोडतात. लेझरपुढून एकेक पेशी सरकते, चमकते. पण चमक हा पुरावा नव्हे. प्रतिपिंडाची शेपटी भलत्या पेशींनाही गोखरूसारखी चिकटते. म्हणून आधी २.४जी२ या प्रतिपिंडाने चिकटण्याच्या त्या जागा बुजवायच्या, आणि शेजारच्या नळीत लक्ष्यच नसलेलं जुळं प्रतिपिंड घालायचं. जास्तीची नळी म्हणजे वायफळ खर्च, असं कुणी म्हणेल. पण दोन नळ्यांतला फरक हेच तर उत्तर असतं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप मात्र रास्त: मानवी पेशींसाठी प्रतिपिंड वेगळंच घ्यावं लागतं.