देवघराशेजारचं कपाट

नास्तिकांची पुस्तकं, धर्मग्रंथ, तत्त्वज्ञान आणि ड्रॅगनच्या गोष्टी एकाच कपाटात सुखाने नांदतात का? असोद्याच्या एका घरात नांदतात. पण त्याआधी एक पोथी रद्दीत गेली होती.

तुमच्या घरात पुस्तकांचं कपाट आहे? असेल तर एकदा पाहुण्याच्या नजरेने त्याच्याकडे बघा. पाहुणे कपाट बघतातच. चहा येईपर्यंत त्यांना दुसरं काम नसतं.

आमचं घर असोद्याला. जळगावहून रिक्षात बसलात तर गप्पा रंगायच्या आत गाव येतं. घरात एकच भिंत अशी आहे, की जिला पावसाळ्यात ओल येत नाही. तिथे आजीचं देवघर. ओल पुस्तकांनाही चालत नाही, म्हणून माझं कपाटही तिथेच. चार फळ्या. एकीवर नास्तिकांची पुस्तकं, दुसरीवर धर्माची, तिसरीवर तत्त्वज्ञानाची. चौथीवर जादूगार, ड्रॅगन, बोलणारे प्राणी आणि न संपणारी युद्धं.

येणारा पहिला प्रश्न विचारतो, "काय रे भो, दुकान टाकतो का पुस्तकांचं?" दुसरा प्रश्न जरा आवाज खाली करून येतो. "तू देव मानतो का नाही मग?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकेकाळी माझ्याकडे एका शब्दात तयार असायचं. ते उत्तर आजही बदललेलं नाही. पण त्या दिवसांत मी एक काम करून बसलो, ते आधी सांगतो.

अकरा किलो रद्दी

सेकंड इयरला होतो. भगतसिंगांचा 'मी नास्तिक का आहे' हा निबंध हाती लागला. ऑक्टोबर १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात, फाशी डोळ्यांसमोर असताना लिहिलेला. लिहिणाऱ्याचं वय २३. छापून आला तो सप्टेंबर १९३१ मध्ये, म्हणजे फाशीनंतर सहा महिन्यांनी. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा मुलगा मरणाच्या दारातही देवाचा आधार नको म्हणतो, हे वाचून मी हललो. मग डॉ. नरेंद्र दाभोलकर वाचले, आगरकर वाचले. आणि वाटलं, झालं, आपल्याला सगळं कळलं!

तुम्हालाही असं कधी वाटलं असेल. छान वाटतं तेव्हा. घरातली बाकीची माणसं अडाणी वाटायला लागतात.

दिवाळीची साफसफाई निघाली. बारावीची गाईडं, जुने अंक, आणि लाल फडक्यात बांधलेली एक पोथी. महिपतीचा 'भक्तिविजय'. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या. आजीला वाचता येत नाही. ती एकादशीला पोथी देवापुढे ठेवायची, डोकं टेकवायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. मी म्हटलं, कोण वाचतं आता हे? अकरा किलो रद्दी झाली. त्या पैशांत जळगावहून येताना एक सेकंड हॅण्ड पुस्तकही घेतलं. नास्तिकतेवरचंच.

एकादशीला आजीने पोथी शोधली. मी खरं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "त्याच्यात माह्या बापानं आमचे जल्म लिहेल होते."

पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिच्या वडिलांनी सगळ्या भावंडांचे जन्म लिहून ठेवले होते. तिथी, वार, त्या वर्षी पाऊस कसा होता तेही. आजीच्या जन्माची दुसरी नोंद कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रद्दीवाल्याकडे धावलो. माल आदल्याच आठवड्यात गाडीत भरून गेला होता.

चार्वाकाचं काय झालं?

आता हे ऐका. आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला नास्तिक कोण? चार्वाक. त्याचं पुस्तक कुठे मिळतं? मिळत नाही. चार्वाकांचे मूळ ग्रंथ हरवले. त्यांचं म्हणणं आपल्याला कळतं ते मुख्यतः विरोधकांच्या पुस्तकांतून. चौदाव्या शतकातला माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' चार्वाकापासूनच सुरू होतो. आधी त्याचं मत मांडलंय आणि मग पुढची दर्शनं. ज्यांना चार्वाक पटत नव्हता, त्यांनीच त्याला खोडून काढण्यासाठी का होईना, नोंदवून ठेवलं. जयराशी भट्टाचा 'तत्त्वोपप्लवसिंह' हा सगळ्याच दर्शनांवर शंका घेणारा ग्रंथ तर १९२६ मध्ये गुजरातेत पाटणला हस्तलिखितात सापडला आणि १९४० मध्ये बडोद्याहून छापला गेला. इतकी शतकं तो कुणीतरी जपला होता.

हे वाचताना मला पोथी आठवली. न पटणारं पुस्तक जगातून नाहीसं कसं होतं? दरवेळी कुणी जाळायलाच हवं असं नाही. "कोण वाचतं आता?" एवढं म्हटलं तरी पुरतं. चार्वाकाच्या बाबतीत कुणीतरी जे केलं असेल, तेच त्याचा चाहता म्हणवणाऱ्या मी आजीच्या बाबतीत केलं होतं.

आणखी एक गंमत. 'नास्तिक' म्हणजे देव न मानणारा, असं आपण धरून चालतो. भारतीय दर्शनांमध्ये हा शब्द वेगळा आहे. वेदांचं प्रामाण्य मानतो तो आस्तिक, मानत नाही तो नास्तिक. त्यामुळे जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक 'आस्तिक' ठरतात, आणि रोज मंदिरात जाणारा जैन 'नास्तिक'. डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या पुस्तकाचं तर नावच आहे 'आस्तिकशिरोमणी चार्वाक'. आता सांगा, पाहुण्याच्या त्या दुसऱ्या प्रश्नाला एका शब्दात काय उत्तर देणार?

हे सगळं आपल्याच मातीत

असली पुस्तकं वाचायची तर पुण्या-मुंबईत राहायला हवं, असं वाटतं ना? खान्देशचा नकाशा काढा.

धुळे जिल्ह्यातलं पिंपळनेर. तिथे १९०१ मध्ये लक्ष्मणशास्त्री जोशी जन्मले. वाईच्या पाठशाळेत शिकून तर्कतीर्थ झाले. या एकाच माणसाने धर्मशास्त्राचा प्रचंड 'धर्मकोश' संपादित केला आणि 'हिंदू धर्माची समीक्षा'ही लिहिली. पुढे एम. एन. रॉय यांच्या विचारांकडे वळले. 'वैदिक संस्कृतीचा विकास'ला १९५५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माझ्या कपाटात त्यांना कुठल्या फळीवर ठेवायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अमळनेर. जळगावहून रेल्वेने तासा-दीड तासावर. तिथे प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कापसाच्या आणि गिरणीच्या गावात वेदांतावर संशोधन करायला देशभरातून अभ्यासक येऊन राहायचे. तरुण साने गुरुजीही तिथे होते.

धुळ्याचा तुरुंग. १९३२ मध्ये विनोबा तिथे दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरून घ्यायचे. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्याला मिळालं ते त्यामुळे.

आणि आमचं असोदा. १८८० मध्ये इथे बहिणाबाई जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि एक नातेवाईक उतरून घ्यायचे. १९५१ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' आलं. त्याआधी कुणी घर साफ करायला काढलं असतं तर? तीही एक जुनी वहीच होती.

२१ वर्षांचं वाचन

"एवढं वाचून करायचं काय?" हाही प्रश्न येतो. तेव्हा मी येवल्याचं नाव घेतो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात. मधे २१ वर्षं. या काळात हा माणूस धर्मांवर वाचत होता, लिहीत होता, तपासत होता. दादरचं 'राजगृह' त्यांनी पुस्तकं नीट मावावीत असं बांधून घेतलं होतं. लाखो माणसांचं आयुष्य बदलणारा निर्णय एका खासगी ग्रंथसंग्रहाच्या सोबतीने झाला. आपण धर्माबद्दलचं मत किती वेळात बनवतो? एका रीलएवढ्या?

आणि ड्रॅगन कशाला?

चौथी फळी बघून गंभीर मंडळी हसतात. चमत्कार मानत नाहीस आणि जादूगारांच्या गोष्टी वाचतोस? पण देवाबद्दलचं सगळ्यात मोकळं भांडण मला याच फळीवर सापडलं.

सी. एस. लुईस ऐन तरुणपणी नास्तिक होता. १९३१ मध्ये तो पुन्हा ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला. त्यात त्याच्या एका कॅथलिक मित्राशी झालेल्या गप्पांचा मोठा वाटा होता. तो मित्र म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टोल्कीन. लुईसने पुढे 'नार्निया' लिहिलं. ते न पटलेल्या फिलिप पुलमनने १९९५ पासून स्वतःची तीन भागांची कादंबरी लिहिली, तीत थेट धर्मसत्तेशीच लढाई आहे. टेरी प्रॅचेटच्या 'स्मॉल गॉड्स'मध्ये तर एक महाशक्तिमान देव कासव होऊन अडकतो. कारण? त्याच्या नावाने देवळं भरपूर, पण मनापासून मानणारा भक्त उरलाय एकच. ही गोष्ट मी आजीला सांगितली, तर ती पोट धरून हसली. म्हणाली, "खरंच आहे ते."

आपल्याकडे 'कथासरित्सागर' आहे, नाथमाधवांचा 'वीरधवल' आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच अरबी सुरस कथा मराठीत आणायला घेतल्या होत्या. अशा गोष्टी वाचताना तीनशे पानं दुसऱ्याचं जग खरं मानायची सवय होते. आजीच्या शेजारी एकादशीला बसताना ही सवय मला फार उपयोगी पडते.

तुमचं कपाट सुरू करायचंय?

* चार पुस्तकांपासून करा. पण त्यातलं एक तरी तुम्हाला न पटणारं असू द्या. त्याच्या बाजूच्या चांगल्यात चांगल्या माणसाने लिहिलेलं घ्या.
* सगळं विकत घ्यायला नको. जळगावात व. वा. वाचनालय आहे, तुमच्या तालुक्यालाही वाचनालय असेल. आधी तिथून आणून वाचा, पुन्हा वाचावंसं वाटलं तरच घ्या.
* रद्दीवाल्याशी दोस्ती ठेवा. माझी निम्मी पुस्तकं तिथूनच आलीत.
* घरातलं कुठलंही जुनं पुस्तक देण्याआधी शेवटचं पान बघा. आणि ज्याचं आहे त्याला विचारा.

नवी पोथी

मी आजीसाठी नवा 'भक्तिविजय' आणला. तिने हातात घेतला, उघडला, वास घेतला. "चांगला आहे," म्हणाली. मग पानं उलटत शेवटाला आली. "पण ह्याच्यात माह्या बापाचं अक्षर कुठी आहे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

काही दिवसांनी तिनेच हाक मारली. "पेन घे रे." ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. मोठा भाऊ पोळ्याच्या आदल्या दिवशी. मधली बहीण, जी पाच वर्षांची होऊन गेली, ती थंडीत. तिचा स्वतःचा जन्म, कापूस वेचणी चालू होती तेव्हाचा. तारखा तिला आठवत नव्हत्या, तिथीही सगळ्या नाहीत. आठवलं तेवढं लिहिलं. मग माझ्या वडिलांचा जन्म, आणि शेवटी माझा.

पोथी तिने देवघरात ठेवली नाही. "तुह्या कपाटात ठेव," म्हणाली, "तिथी ओल लागत नाही."

दुसऱ्या फळीवर आहे. एकादशीला मी ती काढून देवापुढे ठेवतो. आजी डोकं टेकवते. मी टेकवत नाही. नंतर पोथी पुन्हा जागेवर ठेवण्याचं काम मात्र माझंच असतं.