पावती फाडल्यानंतरचा प्रश्न

भडगावात श्रावण लागला की पावतीपुस्तकं बाहेर पडतात. कानबाईचे रोट झाले की गणपतीची वर्गणी, पाठोपाठ नवरात्र, आणि कापूस विकून हातात पैसा आला की गावोगावचे हरिनाम सप्ताह नि भंडारे. गिरणाकाठचा शेतकरी यात हात आखडता घेत नाही. बेताच्या उत्पन्नाचं घरही पाचशे एक रुपये बिनबोभाट काढून देतं. मंडळ ओळखीचं, पोरं गल्लीतली, आणि पैशाचं काय झालं ते पंगतीत डोळ्यांना दिसतं.

अडचण त्यापुढे सुरू होते. अनाथाश्रम, दिव्यांगांची शाळा, गोशाळा, कर्करोगाच्या रुग्णासाठी मोबाइलवर फिरणारा क्यूआर कोड, इथे पंगत दिसत नाही. फोटो दिसतो, गलबलून येतं आणि पैसे जातात. दान दिल्यावर हिशेब विचारू नये, असा आपल्याकडचा संस्कार आहे. पण एखाद्या मुलीच्या शिक्षणाच्या नावाने पैसे घेणाऱ्या संस्थेला ती मुलगी शिकली का, हे न विचारणं म्हणजे त्या मुलीकडेच पाठ फिरवणं.

या प्रश्नाचं उत्तर किती नेमकं देता येतं, हे महाराष्ट्रातल्याच एका संस्थेने जगाला दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. तिथे जन्मलेल्या हजार बाळांपैकी साठेक बाळं पहिल्याच महिन्यात दगावत होती. १९९० च्या दशकात ‘सर्च’ने ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या स्थानिक बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करायचं, ते ऊबदार ठेवायचं, श्वास मोजायचा, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायचं, हे सगळं त्या घरी जाऊन करू लागल्या. याच जोडीला हे काम नसलेल्या ४७ गावांतल्याही जन्ममृत्यूंची नोंद तितक्याच काटेकोरपणे ठेवली गेली. तिसऱ्या वर्षी काम झालेल्या गावांत हजारी पंचवीसच्या आसपास बाळं दगावली, तुलनेच्या गावांत मात्र साठच. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात ही पद्धत आली. तुलनेची गावं मोजली नसती, तर पाऊसपाणी बरं झालं म्हणून मृत्यू घटले, असंही कुणी म्हणू शकलं असतं.

एवढा मोठा अभ्यास प्रत्येक संस्थेला परवडणार नाही आणि तो मागूही नये. पण नोंद मागता येते. जळगावात यजुर्वेंद्र महाजन यांनी सुरू केलेली दीपस्तंभ फाउंडेशन ‘मनोबल’ प्रकल्पात दिव्यांग आणि अनाथ मुलामुलींच्या राहण्याची व उच्च शिक्षणाची सोय करते. अशा कोणत्याही संस्थेकडे जाणाऱ्याने विचारावं: गेल्या वर्षी किती जण आले, मधेच किती सोडून गेले, आज ते काय करतात? सोडून गेलेल्यांचा आकडा जी संस्था स्वतःहून सांगते, तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

कागदपत्रांचं काम त्यामानाने सोपं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा. त्याखाली नोंदलेल्या न्यासाचा नोंदणी क्रमांक असतो आणि लेखापरीक्षण झालेले हिशेब धर्मादाय कार्यालयाला द्यावे लागतात. नोंदणी नसलेल्या गणेश मंडळालासुद्धा वर्गणीआधी कलम ४१-क खाली परवानगी घ्यावी लागते. आयकरातली ‘८०-जी’ची सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, तीही दोन हजार रुपयांवर रोख दिलेल्या देणगीला नाही. म्हणून रक्कम संस्थेच्या नावाच्या खात्यातच भरावी, कुणा व्यक्तीच्या खात्यात नव्हे. हे सगळे शिक्के एवढंच सांगतात की संस्था कायद्यात बसते. तिचं काम चांगलं आहे की नाही, ते त्यावरून कळत नाही.

देणगीदार सगळ्यात जास्त फसतात ते मात्र ‘तुमचा प्रत्येक रुपया थेट गरजूंपर्यंत’ या घोषणेला. पगार, प्रवास, देखरेख यांवर खर्च करणारी संस्था उधळी, असं आपण धरून चालतो. गडचिरोलीत आरोग्यदूतांचं प्रशिक्षण आणि त्यांच्यावरची देखरेख हाच कामाचा कणा होता. तो खर्च वाचवला असता तर बाळं वाचली नसती.

उदयपूरजवळच्या खेड्यांतला अनुभव याहून बोलका आहे. पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांचे सहकारी ‘सेवा मंदिर’ या संस्थेबरोबर तिथे बाळांचं लसीकरण तपासत होते. काहीच वेगळं न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं शंभरात सहा. नियमित शिबिरं भरवली तिथे अठरा. शिबिरात दर खेपेला आईला एक किलो डाळ आणि सगळ्या लशी झाल्यावर स्टीलची ताटं दिली, तिथे एकोणचाळीस. डाळीचा खर्च वाढूनही एका मुलामागचा एकूण खर्च उतरला, कारण नर्स तीच, दिवस तोच आणि येणारी मुलं जास्त. खर्चाची टक्केवारी बघत बसणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

पुण्यात वीणा गोखले यांनी २००५ मध्ये पितृपक्षात ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. वेगवेगळ्या संस्था तिथे येतात आणि देणारे कार्यकर्त्यांशी समोरासमोर बोलतात. खान्देशातही पितरांच्या नावाने दान होतंच. जळगाव किंवा धुळ्यात असा एक मेळा दरवर्षी भरला, तर भडगाव-पाचोऱ्याच्या माणसाला फोटोवर विसंबावं लागणार नाही.

खान्देशातून उभ्या राहिलेल्या सर्वांत मोठ्या दानाचीही रीत बघण्यासारखी आहे. १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तेलाच्या कारखान्यापासून विप्रो सुरू झाली. विप्रोच्या अझीम प्रेमजींनी मार्च २०१९ मध्ये कंपनीच्या आणखी शेअरचं उत्पन्न अझीम प्रेमजी फाउंडेशनला दिलं, तेव्हा एकूण रक्कम सुमारे १ लाख ४५ हजार कोटींवर गेली. एवढा पैसा हाताशी असूनही फाउंडेशन निवडक जिल्ह्यांत सरकारी शाळांच्या शिक्षकांबरोबर वर्षानुवर्षं काम करत राहिलं.

वर्षाला पाच हजार देणाऱ्या घरालाही हे जमतं. दहा ठिकाणी पाचशे देण्यापेक्षा दोन संस्था निवडाव्यात, एकदा एसटीने जाऊन त्यांचं काम बघून यावं आणि तीन-चार वर्षं त्यांनाच द्यावं. दरवर्षी आठवणीने येणाऱ्या छोट्या रकमांवर संस्थेला शिक्षकाचा पगार ठरवता येतो. एकदाच आलेल्या मोठ्या देणगीवर तो ठरवता येत नाही. अहवाल मात्र मार्चनंतर न चुकता मागवावा, आणि दोनदा मागूनही आला नाही तर पुढच्या वर्षीची रक्कम दुसरीकडे वळवावी.