टक्केवारीच्या आधी मुलाची गरज

एखाद्या मुलाला विशेष शिक्षणाच्या सेवेची गरज आहे का, याचा शोध मराठवाड्यातील अर्धापूरसारख्या तालुक्यात अंगणवाडीपासून सुरू होणे अपेक्षित असते. कारण 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासायचे असते. या तपासणीत निदान होत नाही, केवळ शंका नोंदवली जाते, आणि पुढील तपासणीसाठी मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले जाते. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले मात्र हंगामात गावात नसतात, त्यामुळे ज्यांची तपासणी सर्वांत निकडीची, तीच अनेकदा यादीतून सुटतात.

पुढच्या टप्प्यावर प्रथम कान आणि डोळे तपासले जातात, कारण ऐकू न येणारे मूल मतिमंद समजले जाण्याचा धोका मोठा असतो. त्यानंतर बुद्ध्यंकाबरोबरच अनुकूलनक्षम वर्तन पाहिले जाते, म्हणजे मूल स्वतःच्या हाताने जेवते का, कपडे घालते का, इतर मुलांत मिसळते का, हे आईवडिलांना विचारून ताडले जाते. चाचणी मुलाच्या घरच्या भाषेतच व्हायला हवी, व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात धारवाड भागातील मराठी आणि कन्नड मुलांसाठी बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी नव्याने प्रमाणित केली, ती याच गरजेतून. घरात उर्दू किंवा बंजारा बोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत प्रश्न विचारून काढलेला आकडा विश्वासार्ह मानता येत नाही.

लहान वयात निष्कर्षाची घाईही नको. पाच वर्षांखालील मुलाच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रावर बौद्धिक अक्षमतेऐवजी विकासातील विलंब नोंदवला जातो, कारण या वयात योग्य मदतीने चित्र बदलू शकते. वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र तर आठव्या वर्षानंतरच मिळते.

खरी अडचण टक्केवारीची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 31 नुसार किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयोगटातील मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि त्यामुळे 40 चा आकडा म्हणजेच पात्रता, असा समज सर्वत्र रुजला आहे. प्रत्यक्षात कलम 16 मधील समावेशक शिक्षणाच्या जबाबदारीला अशी कोणतीही अट नाही, म्हणून 30 टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वर्गात आधार नाकारणे कायद्याच्या हेतूला धरून नाही. पालकांनी प्रमाणपत्राची वाट न पाहता मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकाच्या भेटीची मागणी करावी.