नाही म्हटलं तर काय होतं?

रक्त घ्यायला बाही वर कर म्हटलं, तसा तो पटकन म्हणाला, "दुसऱ्या हातातून घ्या ना." तोवर दंडावरचे चार बोटांचे काळेनिळे वळ मला दिसले होते. 'कंडोम वापरतोस का?' या प्रश्नाला त्याने थोड्या वेळापूर्वी "कधी कधी" एवढंच उत्तर दिलं होतं.

मुंबईतल्या एका एचआयव्ही तपासणी केंद्रात मी बारा वर्षं समुपदेशक आहे. पूर्वी अशा उत्तरावर मी कंडोमचं महत्त्व समजावत बसायचे. त्या दिवशी मात्र विचारलं, "नाही म्हटलं तर काय होतं रे?"

बऱ्याच वेळाने तो बोलला. "ताई, तो म्हणतो, गावी फोन करून वडलांना सगळं सांगेन."

समलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या नात्यात हिंसा असली, की मारहाणीच्या जोडीला अनेकदा ही धमकी असते. घरी कळेल या धास्तीने कंडोमचा आग्रह धरता येत नाही, तपासणी लांबणीवर पडते, एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, म्हणजे एआरटीच्या गोळ्या लपवाव्या लागतात आणि डोस चुकतात.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा स्त्रियांसाठीच आहे. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शस्त्रक्रिया करून स्त्री झालेल्या पारलिंगी व्यक्तीलाही त्याचा आधार मिळू शकतो, असा निकाल दिला. पुरुष जोडीदाराचा मार खाणाऱ्या पुरुषाला मारहाणीची साधी फौजदारी तक्रारच करावी लागते. चौकीत 'तो तुझा कोण?' असं विचारलं, तर काय सांगायचं, या भीतीने अनेक जण ती पायरी चढतच नाहीत.

म्हणून हे लक्षात ठेवा. जबरदस्ती झाली असेल, तर ७२ तासांच्या आत रुग्णालय गाठा. एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या पीईपीच्या गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात, आणि जितक्या लवकर सुरू होतील तितकं चांगलं. सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते आणि माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंधनकारक आहे. १०९७ ही हेल्पलाइनही मोफत आहे.

आणि माझ्यासारख्या समुपदेशकांना, डॉक्टरांना, मित्रमैत्रिणींना एक विनंती. कंडोमचा उपदेश करण्याआधी, 'नाही म्हटलं तर काय होतं?' एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.