रस्त्याकडे तोंड केलेली घरं

आमच्या वऱ्हाडातला वाडा रस्त्याला काही सांगत नाही. यवतमाळ-वणीकडच्या जुन्या वाड्यासमोर उभं राहिलं तर जाडजूड दार आणि बिनखिडक्यांची भिंत एवढंच दिसतं. घरधन्याची ऐपत कळते ती ढेलज ओलांडून चौकात गेल्यावर. मडगावच्या बोर्डा भागातला आबे फारिया रस्ता पाहताना म्हणूनच आम्ही मंडळी जरा बावचळतो. इथल्या घरांनी सगळी ऐपत रस्त्यावर मांडून ठेवली आहे. ओळीनं उंच खिडक्या, नक्षीदार कठड्यांचे सज्जे, पायऱ्या चढून गेल्यावर दारापुढे 'बाल्कांव' आणि त्याच्या दोन्ही अंगांना बसायचे सोपे. संध्याकाळी तिथे बसायचं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बघायला, आणि त्यानं आपल्याला बघावं म्हणूनही.

रस्ता निघतो होली स्पिरिट चर्चच्या चौकातून. आजचं चर्च 1675 सालचं. पहिलं चर्च सोळाव्या शतकात, दामोदराच्या देवळाच्या जागी उभं राहिलं. देव जांबावलीला गेला, आणि मडगावकर अजून शिगम्यात गुलालाला तिकडे जातात. पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, चर्चचं फेस्त भरतं त्याला 'पुरुमेंताचं फेस्त' म्हणतात. सुकी मासळी, मिरच्या, सोलं, कांदे अशी चार महिन्यांची बेगमी याच चौकात होते. आबे फारिया मात्र मडगावचे नव्हेत. ते 1756 साली बार्देशातल्या कांदोळीला जन्मले, पॅरिसला जाऊन संमोहनविद्येत नाव काढलं आणि ड्यूमाच्या कादंबरीत कैदी होऊन अमर झाले. रस्त्याला त्यांचं नाव तेवढं आहे.

सगळ्यात गाजलेलं घर म्हणजे 'सात बुर्जांचं घर'. व्हाइसरॉयच्या पदरी असलेल्या इनासियो सेबास्तियांव दा सिल्वा यांनी ते साधारण 1790 च्या सुमारास बांधलं. एकाला एक लागून उभी राहिलेली उंच, टोकदार छपरं हे त्याचं वैशिष्ट्य. मुळात अशी सात होती, आता तीन उरली आहेत. तीनच असूनही नजर आधी वर जाते, मग खाली खिडक्यांवर येते.

या खिडक्यांपाशी थोडं थांबावं. काच महाग आणि दूरची होती त्या काळात तावदानं शिंपल्याची केली. 'विंडोपेन' नावाचा चपटा, अर्धपारदर्शक शिंपला चौकोनी कातरायचा आणि लाकडी पट्ट्यांच्या बारीक जाळीत एकेक सरकवायचा. एका झडपेत असे कितीतरी तुकडे बसतात. बाहेरचं ऊन आत येताना दुधाळ होतं. एक तुकडा निखळला की मात्र पंचाईत: हा शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो आणि ते काम जाणणारे सुतारही थोडेच. मग त्या चौकटीत साधी काच बसते. जुनी खिडकी आणि दुरुस्त केलेली खिडकी रस्त्यावरूनही ओळखू येते.

भिंती जांभ्या दगडाच्या, म्हणजे इथल्या बोलीत चिऱ्याच्या. चिरा सच्छिद्र, पाणी पिणारा. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलायचा तर त्याला चुन्याचा गिलावा आणि पावसाळ्यानंतर रंगाचा हात हवाच. दोन-चार वर्षं हयगय झाली की शेवाळ, मग पिंपळाचं रोप, मग छपराचा वासा. यवतमाळला हजाराच्या आतबाहेर पाऊस पडतो, तिथे वाडा दुर्लक्ष सोसून घेतो. इथल्या घराला तेवढी सवड मिळत नाही.

आणि हा खर्च ज्या पैशावर चालायचा तो शेतीचा होता. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनी कुळं कसायची, नारळ-भात घरात यायचं, शिवाय पोर्तुगीज दरबारातली पदं. 1961 साली गोवा मुक्त झाला. 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकारांचा, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा, कायदा आणि पुढच्या दुरुस्त्यांनी जमीन कसणाऱ्याकडे आणि राहणाऱ्याकडे गेली. ते व्हायलाच हवं होतं. भाटकारांसाठी गळा काढायचं मला तरी कारण दिसत नाही. पण जमीन गेली आणि पंचवीस खिडक्यांचं घर राहिलं, हा हिशेब कुठल्याच कुटुंबाला सोपा गेला नाही.

त्यात वारसाहक्क. गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून लागू झाली; तिचा वारसाहक्काचा भाग 2016 पासून राज्याच्या कायद्यात आला आहे. त्यानुसार निम्म्या मालमत्तेवर मुलगा-मुलगी सगळ्यांचा सारखा, हिरावून न घेता येणारा हक्क, आणि सहसा नवरा-बायकोची मिळकत समाईक. म्हणजे घर विकायचं तर सगळ्या वारसांची संमती, शिवाय त्यांच्या जोडीदारांचीही. एक लिस्बनला, एक टोरांटोला, एकाचा पत्ताच नाही. बिल्डरला सही मिळत नाही म्हणून घर वाचतं आणि दुरुस्तीला सही मिळत नाही म्हणून गळतं. हेरिटेजच्या पाटीनं जेवढी घरं राखली नसतील तेवढी या रखडलेल्या वाटण्यांनी राखली असावीत, असं मला वाटतं. फक्त कुठल्या अवस्थेत, ते विचारू नये.

वाटणी झाली तर काय होतं, ते मडगावहून पूर्वेला चांदोरला दिसतं. तिथल्या ब्रागांझा घराचे दोन शाखांत दोन भाग झाले. एका बाजूला मेनेझिस ब्रागांझा. 1930 साली गोव्यातल्या पोर्तुगीज अमलाच्या कायदेमंडळात स्वयंनिर्णयाचा ठराव मांडणारे लुईश द मेनेझिस ब्रागांझा याच घरातले. दुसऱ्या बाजूला ब्रागांझा पेरैरा. रस्त्यावरून दर्शनी भिंत सलग एकच दिसते. आत गेल्यावर दोन वेगळ्या बैठका, दोन वेगळी झुंबरं, आणि पाहुण्यानं देखभालीसाठी पैसे टाकायचे तेही दोन्हीकडे वेगवेगळे.