कंटेनर गेला तरी नोंद राहावी

कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम शिरोळ तालुक्यात, नृसिंहवाडीला होतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी महापुराने इथल्या गावांना वेढले. अशा तालुक्यातल्या एखाद्या पतसंस्थेने किंवा वाचनालयाने स्वतःच्याच संगणकावर फायली साठवण्याची नेक्स्टक्लाउडसारखी प्रणाली डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या डब्यात, चालवायची ठरवली, तर सर्वांत आधी डेटाबेसचा निर्णय घ्यायला हवा. कंटेनर मुळात टाकून देण्यासाठीच असतो. नवी आवृत्ती आली की जुना काढून नवा उभा करतात. त्याच्या आत साठवलेल्या नोंदी त्याच्याबरोबरच जातात. म्हणून डेटाबेसच्या फायली व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरबाहेर मूळ संगणकाच्या डिस्कवर राखलेल्या जागेत ठेवतात.

लहान संस्थेला वेगळा डेटाबेस कशाला, एसक्यूलाइट आहेच की, असे कोणी म्हणेल. एकाच फायलीत मावणारा तो डेटाबेस एकट्यादुकट्याच्या वापराला उत्तमच. पण त्यात एका वेळी एकालाच लिहिता येते. चार जण एकदम नोंदी करू लागले की बाकीच्यांना थांबावे लागते. पुढे डेटा हलवण्याचा व्याप टाळायचा तर सुरुवातीलाच पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी घ्यावा. प्रणालीला डेटाबेस जोडताना दोन गोष्टी हमखास नडतात. डेटाबेसचा पत्ता म्हणून ‘लोकलहोस्ट’ लिहिले, तर कंटेनर स्वतःच्याच आत शोधत बसतो. तिथे कंपोज फायलीतले, म्हणजे कंटेनर कसे उभे करायचे हे लिहिलेल्या फायलीतले, डेटाबेस सेवेचे नाव द्यावे लागते. शिवाय त्या फायलीतला पोस्टग्रेसचा पासवर्ड व्हॉल्यूम रिकामा असताना, पहिल्यांदाच लागू होतो. नंतर तो फायलीत बदलून उपयोग नाही, डेटाबेसमध्येच बदलावा लागतो.

व्हॉल्यूम केला म्हणजे सगळे सुरक्षित, हा समजही धोक्याचा आहे. डिस्कच पाण्यात गेली, तर व्हॉल्यूम कुठला उरणार? चालू डेटाबेसच्या फायली नुसत्या उचलून घेतलेली प्रतही भरवशाची नसते. पोस्टग्रेस असेल तर त्याच्या ‘पीजी डंप’ या साधनाने रोज प्रत काढून ती पूररेषेबाहेर पाठवायला हवी. मग सगळेच क्लाउडवर का ठेवू नये, हा प्रश्न रास्त आहे. कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केलेली प्रत तिथे जरूर ठेवावी. पण इंटरनेट तुटले तरी कार्यालयातले काम चालावे आणि सभासदांच्या माहितीचा ताबा संस्थेकडेच राहावा, यासाठी मूळ डेटाबेस आपल्याकडे असण्याला अर्थ आहे. मात्र ताब्याबरोबर जबाबदारीही येते. दर वर्षी मृगापूर्वी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उभी करून खाती जुळतात का, हे पाहिले पाहिजे. तशी पडताळलेली प्रत हाती नसेल, तर संस्थेने स्वतःची प्रणाली चालवण्याची घाई करू नये.