चौकटीच्या टोकाला उभे असलेले मामा



आपल्या शाळेच्या कार्यालयात आमच्या वर्गाचे १९६७ सालच्या निरोपसमारंभाचे छायाचित्र टांगलेले आहे. घंटा देणारे शिपाईमामा त्यात नाहीत. वास्तविक ते मागच्या रांगेच्या टोकाला उभे होते, हे मला पक्के स्मरते. मग ते गेले कोठे? या प्रश्नापायी मराठीच्या या अध्यापकाला कॅमेऱ्याच्या चौकटीचा इतिहास वाचावा लागला.

या चौकटीचे मूळ चित्रपटात आहे. १८९० च्या दशकाच्या आरंभी एडिसन यांचे सहकारी डिक्सन यांनी ईस्टमन यांची ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म मधोमध चिरून ३५ मिलिमीटरची पट्टी केली. प्रत्येक चित्रामागे दोन्ही कडांना चार-चार छिद्रे ठेवली. मधल्या जागेत २४ मिलिमीटर रुंद व १८ मिलिमीटर उंच चित्र मावले. १९०९ मध्ये या पट्टीला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

आपल्या निपाणीलगतच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९१८ साली स्वतःचा कॅमेरा सिद्ध केला. यंत्र स्वदेशी, परंतु पट्टी हीच. कारण चौकट निराळी ठेवली असती तर 'सैरंध्री' (१९२०) कोणत्याही चित्रगृहाच्या यंत्रावर चालला नसता. पुढे बोलपट आला. पट्टीच्या कडेची जागा ध्वनीने घेतली आणि १९३२ मध्ये हॉलिवूडला चौकटीचे प्रमाण १.३७ ला १ असे नव्याने बांधावे लागले.

दरम्यान जर्मनीत ऑस्कर बर्नाक यांनी हीच पट्टी आडवी चालवून चित्रपटाच्या दोन चौकटींची एक चौकट केली : ३६ बाय २४ मिलिमीटर. त्यांचा लायका कॅमेरा १९२५ साली लोकांपुढे आला. आज फिल्म नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांतही 'पूर्ण चौकट' म्हणतात ती याच मापाला.

आता मामांकडे वळू. ३६ बाय २४ हे तीनास दोन असे प्रमाण. छायाचित्राचा कागद मात्र आठ बाय दहा इंचांचा. चित्राची उंची आठ इंच केली की रुंदी बारा इंच होते. कागद दहाच इंच! म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक इंच कापला जाणार. मध्यभागी खुर्च्यांवर बसलेले मान्यवर सुरक्षित राहतात. टोकाला अंग चोरून उभा असलेला माणूस जातो. कोणाच्या मनात दुजाभाव नव्हता. पण मामा पन्नासहून अधिक वर्षे भिंतीबाहेर राहिले, हेही खरे.

सुदैवाने ती निगेटिव्ह एका वर्गबंधूच्या ट्रंकेत सापडली. मामा तिच्यात आहेत, हातात टोपी घेऊन. माजी विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच, की घरातल्या जुन्या निगेटिव्ह टाकू नयेत, आणि प्रत काढताना चौकट पूर्ण ठेवण्यास बजावावे.

त्या निगेटिव्हची पूर्ण प्रत आज मी शाळेच्या स्वाधीन करीत आहे. ती जुन्या तसबिरीत बसणार नाही. शाळेने नवी करून घ्यावी, ही विनंती.